धुऱ्यावरचा दगड आणि धानाचे कूळ



उन्हाळी मशागत करताना शेतातले दगड वेचायचे आणि धुऱ्यावर टाकायचे, हे आपल्याकडचे दरवर्षीचे काम आहे. वखराच्या पासेला दगड लागतो, डवरणीत अडथळा येतो, म्हणून घरातली लहानथोर माणसे टोपली घेऊन दगड वेचतात. हे काम योग्यच आहे. परंतु चंद्रपूर जिल्ह्याच्या काही शिवारांत असे वेचलेले सगळेच दगड नुसते दगड नसतात. त्यांपैकी काही दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे आहेत आणि काही तर चक्क त्यांचे शेण आहे. अशाच शेणाच्या दगडांतून आपल्या धान पिकाच्या कुळाचा फार जुना पुरावा मिळाला आहे. ही हकिकत आपल्या भागातली असूनही आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हा लेख.

मातीचे नमुने घेण्यासाठी वरोरा तालुक्यातील एका शिवारात गेलो असताना, धुऱ्यावर रचलेले तांबूस, गोलसर, हाताला जड लागणारे दगड दिसले. शेतमालक वयाने मोठे होते. मी विचारले, "काका, हे दगड कुठून आणले ?" ते म्हणाले, "आणतो कायले सर ? वावरातलेच आहेत. दर साली उन्हाळ्यात येचतो अन् धुऱ्यावर टाकतो. तरी पुढल्या साली तेवढेच वर येतेत." त्यांच्या परवानगीने तीन-चार दगड घेतले, गट क्रमांक लिहून ठेवला आणि भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी दोन दगड बाजूला काढले आणि सांगितले, "हे दगड नव्हेत, ही विष्ठा आहे."

जीवाश्म म्हणजे काय ?

प्राणी मेला किंवा झाड पडले की ते सडते आणि मातीत मिसळते. आपले शेणखत असेच कुजते. परंतु एखादे हाड, लाकूड, शिंपला किंवा शेणाचा पो ताबडतोब गाळाखाली गाडला गेला आणि त्याला हवा मिळाली नाही, तर कुजण्याची क्रिया मंदावते. मातीतील पाण्यात विरघळलेले क्षार हळूहळू त्याच्या पोकळ्यांत शिरतात आणि तेथेच घट्ट बसतात. हजारो वर्षे असे चालले म्हणजे मूळ वस्तूचा आकार तसाच राहतो, पण ती दगडासारखी होते. यालाच जीवाश्म म्हणतात. हाडाचा झाला तर तो अस्थी-जीवाश्म, झाडाचा झाला तर अश्मीभूत लाकूड आणि विष्ठेचा झाला तर विष्ठाश्म.

आपली जमीन तेव्हा कशी होती ?

ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. त्या वेळी आपला भूखंड आशियाला जोडलेला नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. हिमालय नव्हता. मध्य भारतात उथळ तळी, संथ नद्या आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी सपाट मैदाने होती. या मैदानांत साचलेल्या गाळाचे जे थर झाले, त्यांना लॅमेटा थर असे नाव आहे. जबलपूरजवळ नर्मदेवर लॅमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. याच जबलपूर परिसरात १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना डायनासोरची हाडे मिळाली होती.

याच काळात जमिनीला भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला. तो एकदाच आला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, त्यावर तळी व्हायची, झाडे वाढायची आणि पुन्हा दुसरा थर यायचा. अशा थरांवर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या पाषाणाखाली आहे. आपल्या कापसाची काळी जमीन याच पाषाणाची झीज होऊन बनली आहे.

आता प्रश्न असा की हे जीवाश्म वरोऱ्याकडे दिसतात, मग पुणे-साताऱ्याकडे का दिसत नाहीत ? कारण सोपे आहे. पश्चिमेकडे लाव्ह्याचे थर फार जाड आहेत, त्यामुळे त्यांच्या खालचे काही दिसण्याची सोय नाही. वरोरा तालुका या पाषाणाच्या पूर्व कडेजवळ आहे. येथे पाषाण पातळ होत जातो आणि त्याखालचा लॅमेटा थर उघडा पडतो. घोंगडीची कड उचलली म्हणजे खालचे अंथरूण दिसते, तसेच हे आहे.

दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात जी तळी होती, त्यांच्या गाळातही जीवाश्म सापडतात. नागपूरच्या टाकळी भागात अशा थरांतील शंख आणि वनस्पती एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केल्या. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे याच प्रकारच्या थरांतील वनस्पतींचा अभ्यास डॉ. बिरबल साहनी यांनी केला होता.

पिसदुरा आणि डोंगरगाव

वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव भूशास्त्राच्या अभ्यासकांत जगभर माहीत आहे. येथील शेतांतील लाल चिकणमातीतून हाडांचे तुकडे आणि विष्ठाश्म वर येतात. हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, अभ्यासक येथे नमुने वेचत आले आहेत. १९३९ साली मॅटली यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांवर स्वतंत्र लेख लिहून आकारावरून त्यांचे प्रकार पाडले. येथे कासवांचे अवशेषही मिळाले आहेत. येथीलच एका प्राचीन सापाला २०११ साली गावाच्या नावावरून 'पिसदुरेन्सिस' असे नाव देण्यात आले.

जवळच्या डोंगरगाव येथे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील अभ्यासकांनी १९८४ ते १९८६ या काळात उत्खनन केले. तेथे लांब मानेच्या, लांब शेपटीच्या, झाडपाला खाणाऱ्या एका मोठ्या डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ साली जैन आणि बंडोपाध्याय यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे संस्थेच्या नावावरून त्याला 'आयसीसॉरस' म्हणू लागले. टायटनोसॉर नावाच्या ज्या गटात हा प्राणी मोडतो, त्याच गटातील प्राण्यांचे मोठे विष्ठाश्म पिसदुऱ्यात असावेत, असे मानले जाते.

शेण तपासून काय मिळते ?

जनावराच्या शेणावरून त्याने काय खाल्ले हे आपण ओळखतो. कडबा खाल्लेल्या बैलाचे शेण आणि हिरवी वैरण खाल्लेल्या गाईचे शेण यांतला फरक गोठ्यात काम करणाऱ्याला सांगावा लागत नाही. शास्त्रज्ञांनी विष्ठाश्मांच्या बाबतीत हेच केले. दगड बारीक करून, आम्लाची प्रक्रिया करून, उरलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

त्यात सूचिपर्णी झाडे, ताडाच्या जातीची झाडे आणि रुंद पानांच्या वनस्पती यांचे अवशेष आढळले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भुरी रोगाच्या आणि करपा रोगाच्या बुरशींशी जुळणारे अवशेषही नोंदवले गेले. म्हणजे ज्या रोगांसाठी आपण आज फवारणी करतो, त्यांचे पूर्वज त्या काळच्या पानांवरही होते आणि ती रोगट पाने डायनासोरच्या पोटात जात होती.

खरी महत्त्वाची गोष्ट २००५ साली पुढे आली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील डॉ. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, प्रा. अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताचे अवशेष असल्याचे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवतवर्गीय वनस्पती फारशा नव्हत्या, त्यांचा विस्तार नंतर झाला, असा सर्वसाधारण समज होता. पिसदुऱ्याच्या दगडांत मात्र आजच्या गवतांच्या निदान पाच निरनिराळ्या शाखांशी जुळणारे अवशेष निघाले. गवताचे प्रमाण कमी होते, म्हणजे हे प्राणी मुख्यतः इतर झाडपालाच खात असत. परंतु गवत होते, एवढेच नव्हे तर त्याच्या शाखाही फुटल्या होत्या, हे सिद्ध झाले. पुढे २०११ साली या अभ्यासकांनी अधिक नमुने तपासून दाखवले की धान ज्या गटात मोडते, त्या गटातील वनस्पतींचे अवशेषही या विष्ठाश्मांत आहेत.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नये. त्या काळी धानाची शेती होती असा याचा अर्थ नाही. माणूसच नव्हता, तर शेती कोठून असणार ? माणसाने धान पेरायला सुरुवात केली ती गेल्या काही हजार वर्षांत. दगडांत सापडले ते धानाच्या कुळातील रानटी गवत. ज्वारी, गहू, ऊस, बांबू, हरळी आणि कुंदा ही सर्व याच मोठ्या गवत-घराण्यातली. त्यातील धानाची शाखा किती जुनी आहे, हे आपल्या जिल्ह्यातल्या दगडाने जगाला सांगितले. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी बांधीतले वेगळे लोंब निवडून एच. एम. टी. हे वाण तयार केले, त्याच जिल्ह्यात धानाच्या कुळाचा हा पुरावा मिळावा, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

इतकी वर्षे गवत टिकले कसे ?

गवताचे पान कोवळे असते, ते दोन महिन्यांत कुजते. मग साडेसहा कोटी वर्षांनंतर त्याची ओळख कशी पटली ? याचे उत्तर सिलिका या घटकात आहे आणि त्याचा आपल्या धान पिकाशी थेट संबंध आहे.

सिलिका म्हणजे वाळूचा मुख्य घटक. मातीतील पाण्यात तो थोड्या प्रमाणात विरघळतो. गवतवर्गीय पिके तो मुळांवाटे शोषून घेतात आणि पानांच्या पेशींत साठवतात. तेथे त्याचे अतिशय बारीक, काचेसारखे कण तयार होतात. त्यांना फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीतील खडे, असे म्हणतात. धानाच्या पानावरून बोट उलटे ओढले तर चरचरते, कधी कापते, ते याच खड्यांमुळे. हे खडे ज्या पेशीत तयार होतात तिचा आकार घेतात. त्यामुळे निरनिराळ्या गवतांचे खडे निरनिराळ्या आकारांचे असतात. काही डमरूसारखे, काही खोगिरासारखे, काही पंख्यासारखे. पान कुजले तरी खडे कुजत नाहीत. या आकारांवरूनच शास्त्रज्ञांनी धानाचा गट ओळखला.

हाच सिलिका आज आपल्या पिकाला उपयोगी पडतो. सिलिका भरपूर मिळालेल्या धानाची पाने ताठ राहतात, खोड कणखर होते, पीक लोळण्याचे प्रमाण कमी होते. करपा रोगाच्या बुरशीला आणि खोडकिड्याच्या अळीला अशा पानांत व खोडात शिरकाव करणे अवघड जाते. आपण धान काढतो तेव्हा तणस आणि तूस यांच्यासोबत हा सिलिकाही शेताबाहेर जातो. तुसाच्या राखेत तर सिलिकाचाच भाग सर्वांत मोठा असतो. ही बाब लक्षात घेऊन डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भातलागवडीत पिकाच्या अवशेषांचा फेरवापर हे पहिले सूत्र ठेवले. त्यानुसार पऱ्हे टाकण्यापूर्वी गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळावी. राईस मिलजवळ राखेचे ढीग पडलेले असतात. ती राख पऱ्ह्यात घातली तर रोपे कणखर होतात आणि विशेष खर्चही येत नाही.

ठिकाण हरवले की पुरावा हरवला

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. धुऱ्यावर टाकलेला दगड तेथेच राहिला, तर फारसे बिघडत नाही. कोणत्या शेतातला आहे, हे निदान समजते. परंतु आता शेततळी, विहिरी, रस्ते आणि मुरमाची खोदाई यंत्राने होते. एका दिवसात जेवढी माती हलते, तेवढी पूर्वी वर्षभरात हलत नसे. धुऱ्यावरचे दगड पिचिंगला किंवा रस्त्याच्या भरावात जातात. एकदा तेथे गेले की ते कायमचे गेले.

याबाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एका विहिरीच्या उपशातून मी गारेचा एक दगड उचलला. त्यात लहान शंख स्पष्ट दिसत होते. दिसायला छान, म्हणून कितीतरी वर्षे तो टेबलावर कागद दाबायला वापरला. एकदा एका भूशास्त्रज्ञांनी तो पाहिला आणि विचारले, "कोणत्या गावची विहीर ? किती हातांवरचा दगड ? वर काळा पाषाण होता की खाली ?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. तो दगड आजही सुंदर आहे, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य झाली, आणि ती मी केली.

मातीच्या नमुन्याचेही असेच नाही का ? पिशवीत चिठ्ठी नसेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल कोणत्या शेताला लावणार ? जीवाश्माचे वय त्याच्या थरावरून कळते आणि थर त्याच्या जागेवरून.

गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली येथे १९८० च्या दशकात डायनासोरची हाडे आणि अंडी मोठ्या प्रमाणात सापडली. ती जागा राखली गेली आणि २०१९ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. जागा राखल्याने गावाला ओळख मिळते, हे यावरून दिसते.

कसे ओळखावे ?

१. हाड : तुटलेल्या टोकाला स्पंजासारखी बारीक जाळी दिसते. साध्या दगडात अशी जाळी नसते.

२. विष्ठाश्म : गोल किंवा लांबट, बऱ्याचदा एक टोक निमुळते. पृष्ठभागावर वळ्या किंवा भेगा. आकाराच्या मानाने जड.

३. अश्मीभूत लाकूड : लाकडासारखे उभे धागे किंवा गोल वलये दिसतात. पण ठोकल्यास आवाज दगडाचा येतो.

४. शंख-शिंपले : पांढऱ्या किंवा करड्या गारेत वळलेले आकार दिसतात.

काही जण हाड ओळखण्यासाठी दगड जिभेला लावून पाहतात. शेतात कीटकनाशके फवारलेली असतात, म्हणून ही परीक्षा करू नये.

सापडल्यास काय करावे ?

१. दगड फोडून पाहू नये. घासून, ॲसिड लावून स्वच्छ करू नये.

२. मोठे हाड जमिनीत रुतलेले दिसल्यास ओढून काढू नये. त्यावर माती टाकून खूण करावी.

३. सुटा दगड उचलावाच लागला, तर गाव, गट क्रमांक, शेताची कोणती बाजू, किती खोलीवर आणि कोणत्या रंगाच्या मातीत सापडला, हे चिठ्ठीवर लिहून दगडासोबत ठेवावे. जमल्यास उचलण्यापूर्वी फोटो काढावा.

४. विहीर किंवा शेततळे खोदताना निराळे दगड निघाल्यास ते वेगळ्या ढिगात ठेवावेत. किती हातांवर निघाले ते लिहावे.

५. तलाठ्यांना कळवावे. तसेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नागपूर येथील कार्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग यांच्याशी संपर्क साधावा.

६. गावोगाव फिरून दगड विकत घेणाऱ्यांना असे दगड देऊ नयेत. पाच-पन्नास रुपये मिळतील, पण आपल्या गावाचा पुरावा कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बसेल.

काही शेतकरी बंधूंना भीती वाटते की कळवले तर शेतीत अडथळा येईल. म्हणून ते गप्प राहतात किंवा रातोरात दगड बुजवतात. पिसदुऱ्याचेच उदाहरण पाहा. तेथे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या शेतांतून नमुने वेचत आले आहेत आणि त्याच शेतांत पिकेही घेतली जात आहेत.

दरवर्षी दगड वर का येतात ?

शेवटी काकांच्या शंकेचे उत्तर. दगड वाढत नाहीत, माती कमी होते. पहिल्या जोराच्या पावसात उघड्या, उताराच्या जमिनीवरील बारीक माती वाहून जाते, दगड जागेवर राहतात आणि वखरणीत आणखी वर येतात. म्हणजे दरवर्षी धुऱ्यावर पडणारा ढीग हा आपल्या शेतातून वाहून गेलेल्या मातीचा हिशोब आहे. तेव्हा उताराला आडवी मशागत व पेरणी करावी, समपातळीवर बांध घालावेत आणि बांधावर गवत लावावे. साडेसहा कोटी वर्षे दगडात टिकलेले हे गवताचे घराणे बांधावर लावले, तर आपली माती जागेवर धरून ठेवण्याचे कामही तेच करते.

येत्या उन्हाळ्यात दगड वेचाल, तेव्हा टोपलीतला प्रत्येक दगड धुऱ्यावर टाकण्यापूर्वी एकदा हातात घेऊन उलटसुलट पाहावा आणि जवळ कागद-पेन्सिल ठेवावी, एवढीच विनंती.